गुपचूप गिऱ्हाइकं

आत्या एकतीस वर्षं लोकांच्या डोक्यावर केस बसवत आली होती आणि एवढ्या वर्षांत एकाही माणसानं चारचौघांत तिचं कौतुक केलं नव्हतं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. विग चांगला झालाय असं कुणी म्हणालं, म्हणजे तो विग आहे हे कळलं, आणि ते कळलं म्हणजे काम फसलं. गिऱ्हाइकानं आरशात बघून खूश व्हावं, बाहेर पडावं आणि दुकानाचं नाव जन्मात काढू नये, अशा तत्त्वावर तिचा धंदा उभा होता.

दुकान अरुंद. एका अंगाला चश्मेवाला, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. रस्त्याकडच्या काचेला आतून दुधी कागद लावलेला. पुढच्या दारानं फक्त कुरिअरवाला यायचा, नाहीतर बसस्टॉप कुठे म्हणून विचारणारे. खरं गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून, इकडेतिकडे बघत यायचं आणि घंटी एकदाच, हळूच वाजवायचं. आत फळीवर चौदा लाकडी डोकी ओळीनं मांडलेली. खिडकीपाशी टेबल, त्यावर दिवा, आकड्याच्या सुया, जाळीच्या टोप्या. ड्रॉवरमध्ये केसांच्या जुड्या, काळ्याभोरपासून पांढऱ्यापर्यंत. जाळीच्या एकेका भोकात एकेक केस ओढून गाठ मारायची. मागच्या बाजूला एका गाठीत दोन-दोन केस चालतात, पण कपाळाजवळ एका गाठीत एकच. एका डोक्याला सहा आठवडे लागायचे.

तिचा भाऊ त्याच रस्त्यावर राहायचा. त्याची मुलगी लहानपणी शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि दर दोन मिनिटांनी ‘आत्या’ म्हणून हाक मारायची, त्यामुळे सगळा रस्ताच तिला आत्या म्हणायला लागला. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे निवृत्त प्राचार्यही आत्याच म्हणायचे. डोक्याला प्लॅस्टिक गुंडाळून, वर चिकटपट्ट्या लावून साचा काढत असताना कितीही मोठा माणूस आपोआप लहान होतो.

तोंड मात्र तिचं सरळ होतं. एका पुढाऱ्याला दाट, मागे वळवलेले केस हवे होते. त्याला ती म्हणाली, “कपाळ तुमचं आधीच ऐसपैस आहे. त्यावर असले केस बसवले तर लोक आधी केस बघतील, मग तुम्हाला, आणि मग परत केस.” पुढारी जे मिळालं ते घालून निवडून आला. गिऱ्हाइकांची खरी नावं तिच्या वहीत नसत. ‘डावा भांग’, ‘बँक’, ‘करडा’, ‘प्राचार्य’ अशा नोंदी होत्या. वही हरवली असती तरी गावातल्या कुणाच्या अब्रूच्या केसालाही धक्का लागला नसता.

अशी सगळी घडी बसलेली असताना एका वर्षी फोन वाजायचा बंद झाला. जुनी माणसं दुरुस्तीला येत होती, पण नवं टक्कल फिरकेना. गावातले सगळे केसाळ झाले की काय, असं आत्यानं चश्मेवाल्याला विचारलंसुद्धा.

भाचीनं कारण शोधून काढलं. ती आता चौतीस वर्षांची झाली होती, विमा कंपनीत होती आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुकानात यायची. तिनं मोबाइलवर नकाशा उघडला, त्यात दुकान शोधलं आणि फोन आत्यापुढे धरला. पाचपैकी दोन पूर्णांक एक तारे. नऊ जणांचं मत. एकतीस वर्षांच्या कष्टांवर नऊ जणांनी बसल्या जागी निकाल दिला होता आणि आत्याला त्याचा पत्ताच नव्हता.

भाचीनं एकेक वाचून दाखवलं. एकजण लिहीत होता, दुकान कायम बंद असतं. त्यानं पुढच्या काचेवरचा दुधी कागद बघितला होता, दुसरं काय! एकाला केस कापून मिळाले नाहीत म्हणून वेळ फुकट गेला होता. एका बाईचा मुलगा काचेवरच्या कागदाच्या फटीतून चौदा डोकी बघून दोन दिवस जेवला नव्हता. तिघांनी एकेक तारा टाकून तोंडातून शब्दही काढला नव्हता. सगळ्यात वर होता तो मात्र लांबलचक मजकूर होता. खाली आणखी एका बाईचं पूर्ण नाव आणि सोबत विग घातलेला फोटो. सहा आठवडे थांबले, त्या बाईनं लिहिलं होतं, आणि हातात काय आलं तर कपाळावर झाडू. सांगायला गेले तर मालकीणबाई म्हणाल्या, तुमचं डोकंच तसं आहे.

“हे मी म्हणाले होते,” आत्या म्हणाली. “आणि आहेच तिचं डोकं तसं.”

वहीत त्या बाईची नोंद ‘क्लच’ अशी होती. ती गाडी चालवायला शिकवायची आणि साचा काढत असताना सवयीनं डावा पाय जमिनीवर दाबत राहायची. भाचीनं फोटो पुढे केला. आत्यानं फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग परत केला आणि म्हणाली की फोटोत सगळंच वाईट दिसतं.

भाचीनं उपाय सांगितला. इतकी खूश गिऱ्हाइकं आहेत, त्यांना दोन ओळी लिहायला सांग. उपाय सोपा होता, म्हणून आत्या वही घेऊन फोनपाशी बसली. पहिला फोन तिनं ‘बँके’ला लावला. बँकेचे साहेब आधी खुर्चीतून उठले, केबिनचं दार लावलं आणि मग कुजबुजत म्हणाले की आत्या, माझ्या बायकोलाही माहीत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आत्यानं विचारलं, मग ती तुमच्या डोक्यावरून हात फिरवत नाही का? साहेबांनी फोन ठेवला. ‘डाव्या भांगा’नं कानावर हात ठेवले. आपण कोण, कुठलं दुकान, काही आठवत नाही म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, दुरुस्तीला गुरुवारी आणू का, असंही विचारलं. प्राचार्यांनी अर्धा तास भाषण केलं. आत्याच्या कलेला तोड नाही, तिचा जाहीर सत्कार व्हायला हवा, आणि त्या सत्काराला आपण येऊ शकणार नाही, असा त्याचा सारांश होता.

त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस पुढच्या दारानं आत आला. गुळगुळीत बूट, हातात टॅब. दुकानांची इंटरनेटवरची इभ्रत सांभाळणं हा आपला व्यवसाय आहे असं त्यानं सांगितलं. महिनाभरात पन्नास जण पाच-पाच तारे देतील, मजकूरही छान असेल.

“ते लोक टकले आहेत का?” आत्यानं विचारलं.

“नाही.”

“मग माझ्या विगचं त्यांना काय कळणार?”

“मॅडम, तुमच्या लक्षात येत नाहीये. ते लोकच नाहीत.”

आत्यानं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं की मी खोटे केस विकते, पण गिऱ्हाइकाला ते खोटे आहेत हे सांगून विकते. मग त्याला वाटेला लावलं. जाताना त्याचा हात एकदा स्वतःच्या टाळूवर गेला, तेवढं तिनं टिपून ठेवलं.

पण जुन्या गिऱ्हाइकांच्या मनाला फोन लागला असावा. पुढच्या दोन दिवसांत नकाशावर मजकुरांचा पाऊस पडला. भाचीला ऑफिसात हसू आवरेना. एकानं लिहिलं होतं, ‘मला स्वतःला भरपूर केस आहेत. पण माझा एक मित्र आहे, तो दुसऱ्या गावी असतो, तो फार समाधानी आहे.’ दुसऱ्याचा मित्र परदेशात होता. तिसऱ्याचा मित्र वारला होता, पण शेवटपर्यंत छान दिसत होता. कुणी एक या दुकानात फक्त बसस्टॉप विचारायला गेला होता आणि मालकीणबाईंनी इतकं सुरेख सांगितलं की पाच तारे दिल्याशिवाय त्याला राहवलं नाही. प्राचार्यांनी टोपणनावानं दीड पान लिहिलं होतं आणि त्यात केस हा शब्द एकदाही येऊ दिला नव्हता. वाचणाऱ्याला हे वाचनालय आहे असंच वाटलं असतं. एकूण अठरा जण. सगळे पाच तारे. आकडा दोन पूर्णांक एकवरून चारच्या वर गेला.

आत्या त्या दोन दिवसांत चौदा डोक्यांपुढे गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अठराच्या अठरा मजकूर गायब झाले. त्या ॲपवाल्यांना ते खोटे वाटले होते. एकाच आठवड्यात, बिनफोटोच्या खात्यांवरून, सगळे मित्राबद्दल. दुकानाच्या नावाखाली आता एक सूचनाही आली होती की इथे संशयास्पद शिफारशी आढळल्या. म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदा खरी गिऱ्हाइकं चारचौघांत बोलली आणि तेवढ्यावरूनच आत्या लबाड ठरली.

मग आत्याचं डोकं फिरलं. या सगळ्याच्या मुळाशी ती क्लच आहे, असं तिनं ठरवून टाकलं. तो विग आपला नाहीच, बाईनं कुठूनतरी यंत्रावर शिवलेला स्वस्तातला टोप आणला आणि त्याचा फोटो टाकला, असं ती म्हणू लागली. हे सिद्ध करून दाखवायचं आणि चव्हाट्यावर मांडायचं. त्यासाठी तिनं भाचीला तो फोटो शेजारी मोठा छापून आणायला सांगितलं. झेरॉक्सवाल्यानं सर्वांत मोठा कागद लावला. कपाळावरची केसांची ओळ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आणि एकेक गाठ मिऱ्याएवढी दिसू लागली.

आत्या वाकली. तिनं बोटानं पहिली गाठ धरली, मग दुसरी, मग तिसरी. भाची पेन घेऊन उभी होती, यंत्राची शिवण कुठे दिसतेय ते लिहून घ्यायला. आत्या ओळीच्या शेवटापर्यंत बोट फिरवत गेली. यंत्राची शिवण नव्हतीच. आत्या डावखुरी. तिच्या गाठीचा शेवटचा वेढा उलट्या बाजूला पडतो, साऱ्या जगात तसा पडत नाही, आणि इथे तर प्रत्येक गाठीत तो तसाच पडला होता. विग तिचाच होता. आणि कपाळाच्या पहिल्या ओळीत, जिथे एका गाठीत एक केस असायला हवा, तिथे दोन होते. काही ठिकाणी तीन. एका गाठीत तर चार, एकमेकांना ढकलत, झाडूच्या काड्यांसारखे.

“कुणाचं आहे गं हे काम?” भाचीनं विचारलं.

“माझं,” आत्या म्हणाली आणि कागदाची सुरळी करून फळीमागे सारली.

त्या दुपारी तिनं सुई हातात घेतली नाही. एक केस उचलून दिव्यासमोर धरला. एकच वाटत होता. बोटांत फिरवला तर दोन निघाले. दोन वर्षांपासून दिवा अंधुक झालाय म्हणून ती झेरॉक्सवाल्याच्या वायरिंगला नावं ठेवत होती, दोनदा बल्ब बदलून झाले होते. शेजारचा चश्मेवाला दर महिन्याला म्हणायचा की आत्या, एकदा खुर्चीवर बसा. ती त्याला सांगायची, मी केस ओवते, तू मला काय दाखवणार? शिवाय चश्मा लावला की बाई म्हातारी दिसते, असंही तिचं म्हणणं होतं. दुनियेची टकलं झाकणाऱ्या बाईला नाकावर दोन काचा ठेवायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती चश्मेवाल्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. वरच्या तीन ओळी वाचल्या, चौथीला अडकली आणि अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. चश्मेवाला बरा माणूस होता, हसला नाही. त्यानं नंबर काढला, काचा बसवल्या, आणि तिला दारात नेऊन समोर बघायला सांगितलं. पलीकडच्या इमारतीवरच्या पाटीत खाली आणखी एक ओळ आहे, हे तिला तेव्हा कळलं.

दुकानात परत येऊन तिनं वही उघडली आणि दोन वर्षांत कुणाकुणाचं काम केलं ते मोजलं. अकरा डोकी. अकरा माणसं कपाळावर झाडू घेऊन गावात वावरत होती आणि त्यांपैकी फक्त एकीनं तोंड उघडलं होतं. आत्या पुन्हा फोनपाशी बसली. या वेळी कौतुक मागायला नव्हे. ज्याला त्याला तिनं सांगितलं की पुढची ओळ बिघडली आहे, माझी चूक आहे, घेऊन या, पुन्हा करून देते. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. ‘करडा’ म्हणाला, हो, मी तेव्हापासून टोपीच घालतो. प्राचार्य म्हणाले, “मला वाटलं माझं डोकंच तसं आहे.”

 तारे गेले तेव्हा आत्या रडली नव्हती. आता चश्मा काढून पुसावा लागला. जी माणसं लाजेपोटी चांगलं लिहीत नव्हती, ती लाजेपोटी वाईटही सांगत नव्हती. नुसती आरशापुढे उभी राहून स्वतःच्या कपाळाला दोष देत होती.

क्लचला फोन करण्याआधी तिनं ठरवलं की जिथे बोललं गेलं, तिथेच उत्तर द्यायचं. भाचीनं लगेच मसुदा केला: आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत, आपलं समाधान हेच आमचं ध्येय. आत्यानं विचारलं, हे ‘आम्ही’ कोण? दुकानात मी एकटी आहे. मग तिनं सांगितलं तसं भाचीनं लिहिलं: ‘तुमचं डोकं सरळ आहे. माझे डोळे अधू झाले होते आणि मी ते मान्य करत नव्हते. आता चश्मा घेतला आहे. विग घेऊन या.’

दोन दिवसांनी, शिकाऊ गाडीची पाटी टपावर मिरवत, क्लच थेट दुकानाच्या पुढच्या दाराशी येऊन थांबली आणि हॉर्न दिला. चाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई. दार ढकलून आत आली, डोक्यावरचा विग काढला आणि टेबलावर ठेवला, जशी एखादी पर्स ठेवते. आत्याला एकतीस वर्षांत असं गिऱ्हाईक दिसलं नव्हतं. तिनं पडदा ओढायला हात पुढे केला, तर क्लच म्हणाली, राहू दे, उकडतंय.

आत्यानं तिच्यापुढे खुर्ची सरकवली आणि मनात अडकलेलं विचारून टाकलं. “तुम्ही नाव लावून का लिहिलंत? फोटोसकट?”

“मग कुणाचं नाव लावू?” ती म्हणाली. “आजारपणात केस गेले. मी काही कुणाचे चोरले नव्हते.”

शिकायला येणाऱ्यांना माहीत आहे का, असं आत्यानं विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांना. उन्हात गाडी तापली की मी काढून मागच्या सीटवर ठेवते. पहिल्यांदा बघणारा दचकून ब्रेक दाबतो, म्हणजे ब्रेक कुठे असतो हे त्याला जन्मभर लक्षात राहतं. आत्या इतकी हसली की झेरॉक्सवाला काय झालं म्हणून डोकावून गेला.

पुढची ओळ उसवायला आणि पुन्हा ओवायला आत्याला नऊ दिवस लागले. एका गाठीत एकच केस, आणि प्रत्येक केस बोटांत फिरवून बघितलेला. विग नेला त्याच संध्याकाळी क्लचनं आपला मजकूर बदलला. ‘काम आता उत्तम. हे केस माझ्या स्वतःच्या केसांपेक्षा बरे आहेत. चूक कबूल करणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. बाईंचं तोंड मात्र अजून तसंच आहे, मला म्हणाल्या की भुवया विचित्र आहेत. दोन तारे त्याचे कापले.’ एकाचे तीन तारे झाले. भाचीला वाटलं आत्या चिडणार. आत्या म्हणाली, भुवया विचित्रच आहेत.

त्यानंतर फोन पुन्हा वाजू लागला, पण पहिल्यासारखा नाही. फोन करणाऱ्या बऱ्याचशा बाया होत्या, दवाखान्यातून नुकत्या घरी आलेल्या. त्यांनी क्लचचा फोटो बघितला होता आणि त्याखालचं आत्याचं उत्तरही. त्या नाव सांगायच्या, खरं, आडनावासकट, आणि वहीत पहिल्यांदा खरी नावं आली. दोघी-तिघींनी काम झाल्यावर फोटो लावून लिहिलंही. आकडा हळूहळू वर सरकत दोन पूर्णांक आठवर आला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला, कारण प्रत्येकजण आत्याच्या तोंडाचा एक तारा कापायचाच. बँकेचे साहेब मात्र अजून मागच्या गल्लीतूनच येतात. त्यांच्या बायकोचा एकदा फोन आला होता. तिनं सांगितलं की मला बावीस वर्षांपासून माहीत आहे, पण त्यांना सांगू नका, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. आत्यानं तेही पोटात ठेवलं.

क्लच अधूनमधून येत राहिली. एकदा तिनं आत्याला सहज विचारलं की नवे डोळे आले आहेत, तर गाडी का शिकत नाही? एकसष्टाव्या वर्षी आत्या सकाळी साडेसातला गाडीत बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं फुटपाथ चढवला, आठव्या दिवशी चौक ओलांडला, आणि महिन्याभरानं क्लचनं थोडं अडखळत सांगितलं की आमच्या शाळेचंही नकाशावर पान आहे, तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर बरं होईल. आत्यानं भाचीला बोलावलं नाही. चश्मा लावून, एका बोटानं, अर्धा तास घालवून तिनं स्वतःच लिहिलं आणि खाली पूर्ण नाव टाकलं. ‘शिकवणं उत्तम. बाई धीराच्या. गाडीला वास येतो. चार तारे.’

संध्याकाळी त्याखाली उत्तर आलं. ‘वासाचं बघते. विद्यार्थिनी गिअर बदलायच्या वेळी बोलत बसतात, हेही लोकांना कळू द्या. उद्या साडेसात.’